बोरखेडी फाट्यावरची कमान

आमच्या साधनाची एक खोड मला बिलकुल पटत न्हाई. ती भांडत न्हाई.

सून म्हणल्यावर एका शब्दाला दोन शब्द आले पाहिजेत. तेव्हा कुठं घरात माणसं राहतात असं वाटतं. माझं आन् माझ्या सासूचं सुरू झालं की शेजारणी चुलीवरचं दूध इसरायच्या. ही मात्र निराळी. "वरणात मीठ न्हाई, सगळं मीठ पंचायतीत वाटून आलीस का?" असं मी म्हणलं, की ही "आणते, आत्याबाई" म्हणून मिठाची बरणी पुढं ठेवते. आता ह्याच्यावर माणसानं पुढं काय बोलावं? शब्द तोंडातल्या तोंडात गार होतात.

साधना आमच्या गावची सरपंच. जागा बायांसाठी सुटली तेव्हा मीच तिला उभी केली. दारोदार मीच हिंडले. मला वाटलं, खुर्चीत ती बसंल आन् कारभार मी बघीन. पण ती खुर्चीत बसली ती खरंच बसली. मला चहा आणून देते, पाय चेपते, डॉक्टरकडं नेते, आन् कारभार मात्र स्वतः करते. न भांडणाऱ्या माणसाचं हे असं असतं. तोंडानं "हो आत्याबाई" आन् हातानं आपलंच.

म्हणून तर आमच्या कमानीची गोष्ट मला सुनेच्या तोंडून न्हाई, अकबरबीच्या तोंडून कळली.

परतूरहून मंठ्याकडं निघालं की बोरखेडी फाटा लागतो. तिथं गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, आन् त्या तोंडावरच आमच्या मालकांच्या नावाची कमान हाय. दोन खांब, कवळ घातली तरी हात पुरणार न्हाईत असले जाड, आन् वर सिमेंटची अक्षरं. मालक गेले त्या साली गावानं वर्गणी काढून बांधली. ते काही आमदार न्हवते की महाराज न्हवते. संध्याकाळच्या यष्टीच्या टायमाला बैलगाडी घेऊन फाट्यावर उभे राहायचे, बस. कोण उतरलं, कोणाच्या घरचं, कोणत्या जातीचं, हे विचारायचे न्हाईत. "बस, अंधार पडतोय," म्हणायचे आन् गावात आणून सोडायचे. गावात रिक्षा आल्या तरी ते जायचेच.

कमान बांधली तेव्हा ती रस्त्यापासून चांगली आत होती. मंग रस्ता रुंद झाला, मंग सिमेंटचा झाला, मंग उंच झाला. कमान जागची हालली न्हाई, रस्ताच चालत चालत तिच्यापाशी आला. आता गावातून बाहेर निघताना उजवीकडचं खांबाच्या आड, डावीकडचं वेड्या बाभळीच्या आड. वरून वाढदिवसाचे बॅनर. कापसाच्या गाड्या वरपर्यंत रचलेल्या, त्या कमानीखालून निघत न्हाईत, म्हणून त्यांनी बाजूच्या खड्ड्यातून दुसरं तोंड पाडलेलं. एका फाट्याला दोन तोंडं, आन् दोन्हीकडून गाड्या उंदरासारख्या भसकन बाहेर.

पण हे सगळं मी आता सांगून राह्यले. तेव्हा मला त्यातलं काही दिसत न्हवतं. मी फाट्यावर जायचे ती यष्टीत बसायला. लतीफच्या पंक्चरच्या दुकानापाशी उतरायचे, कमानीकडं एकदा बघायचे, पदर नीट करायचे आन् चालायला लागायचे.

अकबरबी म्हणजे लतीफची आई. माझ्याच वयाची. ती एका सकाळी दारात आली आन् म्हणली, "बाई, कडूबाभाऊची कमान निघणार म्हणे. ग्रामसभेत ठरलं. लतीफ गेल्ता ना. झुडपं काढणार, दोन तोंडांचं एकच सरळ तोंड करणार, रस्त्यावर पट्टे मारणार, पिवळा दिवा लावणार, उघडझाप करणारा. अच्छा काम है. पण पहिले कमान काढा म्हणले. सरकारी माणूस कोणाच्या नावाला हात लावत न्हाई, गावानं आपल्या हातानं काढायची."

"कोणी आणलं हे काम?"

अकबरबी माझ्याकडं बघत राह्यली. "तुमाला म्हाईत न्हाई? अल्ला. तुमच्याच सुनेनं."

त्या दिवसापासून मी साधनाशी अबोला धरला.

माझा अबोला साधा नसतो. जे सांगायचं ते कल्याणच्या हातून. कल्याण माझा पोरगा, कापसाच्या जिनिंगवर कामाला. जेवायला बसला की मी म्हणायचे, "कल्याण, तुझ्या बायकोला सांग, भाकरी करपली." साधना तिथंच, हातभर लांब. कल्याण तिच्याकडं तोंड करून म्हणायचा, "भाकरी करपली म्हणती माय." साधना दुसरी टाकायची. मी म्हणायचे, "तिला सांग, आता कच्ची राह्यली." शेवटी एक दिवस कल्याण ताटावरून उठला. "माय, मी काय टपाल हाय का? तुमचं मिटलं की फोन करा, तवर मी जिनिंगवरच जेवतो."

साधना तरी काय, न्हाई तर न्हाईच बोलली. अबोल्याला अबोला. मी कमानीचा विषय काढत न्हवते आन् तीही काढत न्हवती. आम्ही दोघी एका ओसरीवर बसून तूर निवडायचो आन् तुरीचाच आवाज यायचा.

मंग कळलं की रस्त्याचे साहेब फाट्यावर येणार हाईत, जागा बघून खुणा करायला. मी ठरवलं, आपण आधी जाऊन बसायचं. खांबाला पाठ लावून बसलेल्या म्हातारीला कोण उठवतं ते बघू. भाकरी-ठेचा बांधला, पाण्याची बाटली घेतली, एक पोतं घेतलं आन् सकाळीच जाऊन उजव्या खांबाच्या बुडाशी, मोठ्या रस्त्याच्या अंगाला बसले. अकबरबी लतीफच्या दुकानातून खुर्ची घेऊन आली.

"खुर्चीवर बसा, बाई."

"खुर्चीवर सरपंच बसतात. मी खालीच बरी."

अकबरबी हसली आन् स्वतःच खुर्चीवर बसली.

पहिला आला कारभारी. फटफटीवर, मागं त्याची बायको उषाबाई, मांडीवर दुधाची कॅन. कमानीपाशी त्यानं गाडी हळू केली. उषाबाई कॅन घेऊन खाली उतरली, पुढं चालत आली, खांबाच्या बाहेर मान काढली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आन् नवऱ्याला हात केला. तो रस्त्यावर आला. ती परत मागं बसायला निघाली तेव्हा मी तिला दिसले.

"अगंबाई, चतुराकाकू! इथं काय करून राह्यल्या?"

"बसले. तू उतरलीस कशाला?"

"मंग? रोजच उतरते. हा मेला खांब आडवा येतो ना—" आन् एकदम तिनं जीभ चावली. खांब कोणाचा ते आठवलं तिला. "म्हणजे, तसं न्हाई काकू. यांनाच कमी दिसतं."

"मला कुठं कमी दिसतंय?" कारभारी म्हणला.

"गप बसा ओ तुम्ही," असं म्हणून ती गाडीवर चढली आन् दोघं गेले.

मी अकबरबीकडं बघितलं. ती खुर्चीवरून आभाळाकडं बघून राह्यली होती.

त्याच्यानंतर जे जे आले ते सगळे असेच. ज्याच्या मागं बायको तिनं उतरायचं, ज्याच्या मागं म्हातारा त्यानं उतरायचं. शाळेची जीप आली, तिच्यातून शिकवणारी बाई उतरली, बघून आली, आन् मंग जीप निघाली. जणू देवाला निघाल्यासारखं सगळं गाव माझ्या मालकाच्या कमानीपाशी पायउतार होत होतं. आधी मला ते बरंच वाटलं. मंग त्यांची तोंडं बघितली. देवाला जाणाऱ्याचं तोंड तसं नसतं.

आन् जो एकटा येई, त्याचं काय? तो कमानीत थांबायचा आन् जो कोणी दिसंल त्याला विचारायचा, "येऊ का?" त्या दिवशी तिथं मी दिसत होते.

"माय, येऊ का?"

पहिल्यांदा मला कळलंच न्हाई. "ये की, रस्ता काय माझ्या बापाचा हाय का?" म्हणलं. अकबरबी ओरडली, "ओ बाई! तसं न्हाई, गाडी येते का ते विचारून राह्यला!" मी मान वळवली. एक ट्रॅक्टर येत होता. "थांब रे!" म्हणलं. तो थांबला. ट्रॅक्टर गेला. "आता ये. जल्दी ये." तो आला, मला हात जोडून गेला.

खरं सांगायचं तर मंग मला मजाच वाटायला लागली. हुकूम सोडायची मला जुनी सवय, आन् घरात ऐकणारं कोणी उरलं न्हवतं. इथं अख्खं गाव ऐकत होतं. "थांब! ये! अय फोनवाल्या, फोन ठेव आधी! तू ये. तू न्हाई, तू थांब." एका कापसाच्या गाडीवाल्यानं बाजूच्या तोंडातून न विचारता गाडी घातली, त्याला मी आईवरून न्हाई पण आजीवरून बोलले. अकबरबी म्हणली, "पोलिसात जायला पाहिजे होतं तुमी."

दुपार होत आली. गळा सुकला. भाकरी बांधलेलीच होती. खायला मान खाली घातली की कोणीतरी विचारायचं, "माय, येऊ का?" घोट घ्यायला सवड न्हाई. आन् माझ्या मनात आलं, मी आज इथं हाय. उद्या? परवा ह्याच माणसांनी कोणाला विचारायचं? खांबाला?

मनात आलं, पण मी ते तिथंच दाबलं. कारण समोर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, पांढरी जीप येऊन उभी राह्यली. साहेब आले होते. मी पाठ खांबाला आणखी घट्ट लावली.

तेवढ्यात गावाकडून साधनाची स्कुटी आली. साहेबाची जीप तिला दिसली असणार, घाईत होती. पंचायतीत जाताना नेसते ती इस्त्रीची साडी, पर्स अडकवलेली. कमानीत थांबली. मला बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपण होऊन तोंड उघडलं.

"आत्याबाई, येऊ का?"

मी बोलले न्हाई. माझा अबोला होता ना! मी रागानं मान फिरवली, तिच्याकडून दुसरीकडं, म्हणजे परतूरच्या अंगाला.

आमच्याकडं सासूनं मान फिरवली म्हणजे सुनेनं समजायचं, चालू द्या, आमचं काय म्हणणं न्हाई. लग्न झाल्यापासून साधना माझी मान वाचत आली. तिनं तेच वाचलं. सासू तिकडं बघतेय, काही म्हणत न्हाई, म्हणजे रस्ता मोकळा हाय. तिनं गाडी सोडली.

आन् मी मान फिरवली तिकडं यष्टी उभी होती, माणसं उतरवत, आन् यष्टीच्या मागून एक ट्रक बाहेर पडून, तिला मागं टाकून, सरळ आमच्या अंगावर येत होता.

"थांब! साधना! थांब!"

कसा आवाज निघाला ते मला म्हाईत न्हाई. तिनं ब्रेक दाबला. स्कुटी आडवी झाली, ती खाली पडली, पुढचं चाक रस्त्यावर. ट्रक त्या चाकापासून इतक्या जवळून गेला की वाऱ्यानं माझा पदर डोक्यावरून उडाला. त्याचा हॉर्न लांबपर्यंत ऐकू येत राह्यला.

माझे गुडघे कधीचे गेलेले. पण मी उठले कधी आन् तिच्यापाशी गेले कधी, मला आठवत न्हाई. लतीफ धावत आला, त्यानं गाडी उचलली. साधनाच्या गुडघ्यावरून साडी फाटली होती, रक्त येत होतं, कोपर खरचटलं होतं. मी तिचं तोंड दोन्ही हातात धरलं. तिनं माझे हात झटकले.

"न्हाई म्हणा, हो म्हणा, काहीतरी म्हणा ना!" ती ओरडली. इतक्या जोरात ओरडली की लतीफ मागं सरला. "घरात नका बोलू! चुलीपाशी नका बोलू! वर्षभर नका बोलू! पण फाट्यावर मुकं बसायचं न्हाई, आत्याबाई! इथं माणूस मरतं!"

"म्हणलं की मी, थांब म्हणलं—"

"किती उशिरा म्हणलं!"

आन् मंग ती रस्त्याच्या कडंला बसून रडायला लागली, लहान लेकरासारखी, पर्स गळ्यात तशीच. मी तिच्याशेजारी मातीतच बसले. अकबरबीनं पाण्याची बाटली आणली आन् आम्हा दोघींना आळीपाळीनं पाजली, जशी ती आमची आईच.

साहेब रस्ता ओलांडून आले. तरुण माणूस, घाबरलेला. आधी त्यांनी साधनाला लागलं किती ते विचारलं, दवाखान्यात सोडतो म्हणले. ती न्हाई म्हणली. मंग जरा थांबून म्हणले, "सरपंचताई, आता मी डोळ्यानंच बघितलं. कमानीचं काय ठरलं ते तेवढं सांगा."

ग्रामसभेनं हो म्हणलेलं होतं. सुनेनं "काढू" म्हणायचं आन् साहेबानं खुणा करायच्या, एवढंच बाकी होतं. मी तिच्याकडं बघितलं न्हाई.

साधनानं डोळे पुसले. म्हणली, "साहेब, गावाचं ठरलं. पण घरात विचारायचं राह्यलंय. ग्रामसभेला मी तसंच सांगितलेलं हाय. घरचा शब्द आल्याबिगर मी त्या कमानीला हात लावू देणार न्हाई."

"ताई, काम अडून राह्यलं तर मला दुसऱ्या फाट्याचं नाव द्यावं लागंल वर. उद्या सकाळपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं माझ्या हातात न्हाई."

"द्या मंग दुसऱ्याचं," साधना म्हणली. "तिथंही माणसंच राहतात."

अकबरबीनं मला कोपरानं ढोसलं. हे अर्धं तिला म्हाईत न्हवतं, की म्हाईत असून तिनं मला सांगितलं न्हवतं, ते अल्लालाच ठाऊक.

घरी आलो. दिवेलागणीला मी तिला ओसरीवर बसवलं, पाय माझ्या मांडीवर घेतला आन् हळद-तेल गरम करून गुडघ्याला लावायला लागले. कल्याण दाराशी येऊन उभा राह्यला, आम्हा दोघींना बोलताना बघितलं, आन् काही न म्हणता आत जाऊन जेवण वाढून घेतलं.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"सरपंच झाली म्हणून खोटं बोलायची गरज न्हाई."

"दुखतंय."

"मला आधी का न्हाई सांगितलं, कमानीचं?"

ती म्हणली, "रोज सांगायचं ठरवायचे. तुम्ही यष्टीतून उतरून कमानीकडं बघता ना, ते मी दुकानाच्या आडून दोन-चारदा बघितलं. तुमचं तोंड बघितलं की माझ्या तोंडून शब्दच निघायचा न्हाई." माझ्या हातातली हळद तशीच राह्यली. "जाऊ द्या, आत्याबाई. आपण आपली बाभळ तोडू, बॅनर काढून टाकू. तेवढं तरी दिसंल."

"आन् खांब?"

तिनं हळदीची वाटी माझ्याकडं सरकवली.

मंग मी तिला जे सांगितलं ते पोटच्या पोराला कधी सांगितलं न्हवतं. म्हणलं, आमच्या वेळेला बाई मालकाचं नाव घेत न्हवती. लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, तेही बायांनी चिमटे काढून घ्यायला लावलं. पुढं सगळा जन्म "ऐकलं का" आन् "कल्याणचे बाबा". ते गेले तेव्हा बाया नावं घेऊन घेऊन रडल्या, मला तेही जमलं न्हाई. मी दुसरी शिकलेली, अक्षरं तेवढीच येतात. कमानीवर मालकांचं नाव तीनच अक्षरांचं. यष्टी फाट्यावर आली की मी ते वाचते. तोंडानं न्हाई घेत, डोळ्यानं घेते. डोळ्यानं घेतलेल्या नावाला कोणी नावं ठेवत न्हाई. आता कमान गेल्यावर मी ते कुठं घेऊ?

साधना माझ्याकडं बघत राह्यली. तिचे डोळे भरले.

"ती अक्षरं आपण न फोडता उतरवून घेऊ," ती म्हणली. "ओसरीवर लावू."

"ओसरीवर? येता-जाता नवऱ्याच्या नावाखाली उभी राहू मी? लाज हाय का न्हाई?"

ती रडता रडता हसली. "मंग यष्टीचा निवारा बांधणार हाईत बाजूला. त्याला नाव देऊ."

"बिलकुल न्हाई. त्याच्यावर उद्या कोणी बॅनर लावंल, परवा रस्ता तिथवर येईल. आता पुन्हा कोणाच्याच नावाचा खांब फाट्यावर नको. आमच्यांचा पण न्हाई."

"मंग?"

"मंग काय?"

साधना जरा जवळ सरकली. कल्याण आत जेवत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणली, "आत्याबाई, तुम्ही माझ्यासमोर घ्या ना. मी कोणाला सांगणार न्हाई."

"चल, चावट."

"एकदाच."

बाहेर कोणाची तरी फटफट गेली. आत कल्याणनं पाणी मागितलं, आम्ही दोघी उठलो न्हाई, त्यानं आपलं आपणच घेतलं. मी नाव घेतलं का न्हाई, ते मी इथं सांगत न्हाई. ते आम्हा दोघींतलं हाय. एवढंच सांगते की हळद गार झाली होती आन् मला ती पुन्हा गरम करावी लागली.

तिच्या गुडघ्याला फडकं बांधलं, गाठ मारली, आन् तिचा पाय मांडीवरून खाली ठेवला. ती माझ्याकडं बघत होती, काही विचारत न्हवती. तिचं तेच तर हाय. मी पदर खोचला आन् तिला म्हणलं,

"ऐक आता. सकाळी साहेबाला फोन कर, कमान काढा म्हणावं, पहिली कुदळ मी मारणार, दुसरी कल्याणनं मारायची. सरपंच म्हणून तू बराबर हायस, गावानं चूक केली न्हाई. सून म्हणून अजून कच्ची हायस, कारण घरची गोष्ट आधी गावाला सांगितलीस. पुन्हा असं केलंस तर मी अबोला-बिबोला काही धरणार न्हाई. पुढच्या निवडणुकीला तुझ्याविरुद्ध उभी राहीन, आन् पाडीन."